उशीवरचा माइक

कारखान्यात त्यांना सगळे डेसिबल म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की डेसिबल. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लाउडस्पीकर मोजले. मोजायची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. भिंतींना, छताला आणि खाली जमिनीलासुद्धा हात-हातभर लांब स्पंजच्या पाचरी, त्यांच्यावर ताणलेली तारेची जाळी, आणि त्या जाळीवर बूट काढून चालायचं. दार लावून घेतलं की माणसाला स्वतःच्या पापण्या मिटलेल्या ऐकू येत. नवे कामगार पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर पडत. डेसिबल तिथे दुपारची डुलकी काढत.

पद्धत साधी होती. स्पीकर स्टँडवर, त्याच्यासमोर बरोबर एक मीटरवर माइक. बटण दाबलं की गुरगुरण्यापासून डासाच्या गुणगुणण्यापर्यंत चढत जाणारा एक सूर वाजे आणि यंत्र कागदावर रेघ ओढी. रेघ सपाट आली तर माल पास. कान हा अवयव चष्म्याची काडी अडकवण्यासाठी दिलेला आहे, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताला आधार होता. एकदा वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की बारा कर्मचाऱ्यांना ओळीनं बसवून स्पीकर ऐकवावेत आणि 'चांगला वाटला का' या रकान्यात होय किंवा नाही लिहून घ्यावं. साडेबारापर्यंत लोक फार चिकित्सक होते. साडेबारानंतर सगळे स्पीकर सगळ्यांना आवडू लागले. कँटीन एकला उघडायचं. डेसिबलनी पट्टी घेतली, साडेबारानंतरच्या प्रत्येक नोंदीवर लाल रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'श्रोता भुकेला. नोंद बाद.' सबंध नोकरीत त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि तोही त्यांनी विनोद म्हणून केला नव्हता.

एके दिवशी एक कारागीर दोन चपटे स्पीकर घेऊन आला. उंचीला दाराएवढे, जाडीला शब्दकोशाहून कमी. आत ना खोका, ना पुठ्ठ्याचा कोन. चौकटीत कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा ताणलेला, त्याच्यावर केसासारख्या तारा, मागे चुंबकांच्या पट्ट्या. सबंध पापुद्रा थरथरायचा आणि जितका आवाज पुढे तितकाच मागे फेकायचा. डेसिबलनी नियमाप्रमाणे एक मीटरवर माइक ठेवला. आलेली रेघ बघून त्यांना वाटलं, यंत्रात उंदीर शिरला. करवतीचे दात परवडले. खालचे सूर तर उतारावरून घरंगळत गेले होते.

"साहेब, एवढा उंच पडदा एका मीटरवरून मोजायचा म्हणजे भिंतीला नाक लावून घर कसंय ते सांगण्यासारखं आहे," कारागीर म्हणाला.

"नियम एक मीटरचा आहे."

"घरी लावून ऐका. मग काय लिहायचं ते लिहा."

डेसिबलनी आधी 'नापास' लिहिलं आणि मग घरी लावले. कारागीर ते न्यायला परत आला नाही. पुढे त्यानं खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचा धंदा धरला, असं कानावर आलं.

पहिल्याच रविवारी त्यांनी एका गायिकेची जुनी रेकॉर्ड लावली, आणि गायिका समोरच्या भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी उभी राहून, श्वास घेऊन गाऊ लागली. हातातला चहा गार झाला. डेसिबल उठले तसा तो श्वास गेला. बसले, परत आला. वीतभर डावीकडे सरकले, गायिका निघून गेली. आवाज घरभर होता, गाणारी मात्र एका खुर्चीपुरती होती. त्यांनी खुर्चीच्या चारी पायांभोवती जमिनीवर ऑइलपेंटनं चौकोन काढले.

दुसरा एखादा माणूस खूश झाला असता. डेसिबलना तो अपमान वाटला. नापास केलेल्या पोरानं घरी येऊन मास्तरांना शिकवावं, तसा. जे कानाला इतकं बरोबर वाटतं ते कागदावर बरोबर का येत नाही, या प्रश्नाला त्यांनी सव्वीस वर्षांचे सगळे रविवार दिले. स्पीकर बोटभर पुढे, दोन बोटं मागे. सतरंजी इकडे, कपाट तिकडे. प्रत्येक बदलाला एक रेघ, प्रत्येक रेघेची वहीत नोंद.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकू त्या स्पीकरना 'दारं' म्हणत. "दोन दारं आणलीत, आता घर कधी आणताय?" हे पहिल्या दिवशी. महिन्याभरानं म्हणाल्या, "मलाही बसू द्या की त्या खुर्चीत एकदा."

"नीट लागू देत. एकदा नीट लागले की पहिली तू."

मग काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय पसरून, भाजी निवडत ऐकत. दर रविवारी आतून आवाज येई, "अहो, लागले का?" आणि बाहेरून उत्तर जाई, "थोडं राहिलंय." पुढे हा प्रश्न थट्टेचा झाला, मग सवयीचा, आणि मग यायचा थांबला. कुठल्या रविवारी थांबला ते डेसिबलना सांगता आलं नसतं. ते मोजत होते.

काकूंना झटका आला तो सकाळी आठच्या सुमाराला, ओल्या कपड्यांची बादली हातात असताना. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची तर्जनी आणि थोडी मान, एवढंच काकूंच्या ताब्यात उरलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. महिना आहे हातात. फार तर दीड."

"अधिक-उणे किती?" डेसिबलनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

आतली खोली चिंचोळी, रुग्णालयाची खाट तिथे वळेना. म्हणून खाट बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या जागी आली. हमालांनी ती ठेवली आणि डेसिबलना दिसलं की डोक्याकडची बाजू ऑइलपेंटच्या चौकोनांपासून फार तर हातभर लांब आहे. त्यांनी खाट हातभर ओढली. सव्वीस वर्षांनी का होईना, पहिली ती. आता फक्त स्पीकर नीट लावायचे होते, आणि त्याला महिना होता.

सेवेला ब्युरोतून एक बाई आली. धिप्पाड, पन्नाशीची, पदर खोचून बोलणारी. सकाळी सात ते संध्याकाळी सात. आल्या आल्या तिनं दोन्ही स्पीकरकडे पाहिलं.

"काका, ही दारं काढून ठेवली असती तर वावरायला बरं."

"ती दारं नाहीत."

"मग उघडत का नाहीत विचारत होते. असू देत."

काकूंच्या चेहऱ्याची डावी बाजू किंचित हलली. डेसिबलना वाटलं, स्नायू आखडला.

खूण ठरली. होय असेल तर बोट वर. 'नाही'साठी वेगळी खूण ठरवायची राहिली. बोट हललं नाही तर नाही, असं धरायचं.

डेसिबल कामाला लागले. माइकचा स्टँड खाटेवर उभा राहीना, म्हणून माइक उशीवरच, जिथे काकूंचं डोकं असे तिथे ठेवायचा. त्यासाठी काकूंचं डोकं तिथून काढायला लागे.

"बाई, जरा हिला उचलून धरा."

"किती वेळ?"

"सूर वाजेपर्यंत."

बाई काकूंना खांद्याशी धरून बसे आणि तो सूर खोलीभर फिरे, गुरगुरत सुरू होऊन कानात सुई घातल्यासारखा संपे. दिवसाकाठी वीस-वीस वेळा. एकदा बाई म्हणाली, "काका, आमच्या गल्लीत कुत्र्यांना पळवायला असलंच मशीन आणलं होतं एकानं."

"पळाली?"

"कुत्री नाही. भाडेकरू गेले."

मोजणं झालं की रेकॉर्ड लागे. दोन मिनिटांनी सुई उचलून डेसिबल विचारत, "अगं, बरोबर वाटतंय?" काकू गप्प. ते स्पीकर बोटभर सरकवत, परत मोजत, परत विचारत. असं तीन-चारदा झालं की बोट वर येई. डेसिबल समाधानानं वहीत लिहीत, 'श्रोता: होय', आणि यंत्र बंद करत. जन्मभर माणसाच्या कानावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं एका बोटावर ठेवला. पण श्रोता एकच होता, आणि कँटीन तर कुठेच नव्हतं.

मुलगी दूर राहायची. फोनवर म्हणाली, "बाबा, तिला त्रास नका देऊ त्या शिट्ट्यांचा. शांत पडू दे."

"शांतच आहे ती. खोलीत कुणी नसताना फक्त एकतीस डेसिबल भरतात."

मुलीनं फोन ठेवला.

अडचण दोन ठिकाणी होती. एक, काकूंचं डोकं. मधोमध ठेवलं की तासाभरात डावीकडे गेलेलं असे, आणि वीतभर डावीकडे म्हणजे गायिका निघून गेली. दुसरी, खिडकी. खोलीला एकच खिडकी, डाव्या स्पीकरच्या मागे. स्पीकर मागे फेकत असलेला आवाज काचेवर आपटून परत येई आणि रेघेत चारशेच्या आकड्यापाशी खड्डा पाडी.

पहिल्या अडचणीवर त्यांनी दोन टॉवेल घट्ट गुंडाळून काकूंच्या कानांच्या दोन्ही बाजूंना लावले.

"घसरतं म्हणून," ते बाईला म्हणाले. "मानेत जोर नाही."

"घसरत नाही. वळवतात त्या."

"जोर नसताना कशी वळवेल?"

"तेच म्हणते मी. जोर नसताना वळवतात."

डेसिबलनी टॉवेल आणखी घट्ट केले. तरी डोकं जायचंच, टॉवेलला रेटून, बोट-दोन बोटं. मग त्यांनी दुसरी अडचण हातात घेतली. आतल्या खोलीतली कापसाची जाड गादी आता रिकामीच होती. ती त्यांनी खिडकीत उभी करून कडेनं दोरीनं आवळली. खोलीत दुपारी दिवा लावायची पाळी आली. त्यांनी सूर वाजवला. चारशेचा खड्डा भरला होता.

आणि गंमत म्हणजे त्याच दिवसापासून पहिलीही अडचण सुटली. काकूंचं डोकं जाईना. ठेवलं तिथे राही. टॉवेल काढले तरी राही. डेसिबलनी वहीत लिहिलं, 'गादी लावल्यावर डोके स्थिर. कारण अज्ञात. परिणाम उत्तम.'

पुढचे चौदा दिवस हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले म्हणायला हवेत. रेघ रोज सपाट होत गेली. नवव्या दिवशीसारखी रेघ तर कारखान्याच्या खोलीतसुद्धा कधी आली नव्हती. त्यांनी ती कात्रीनं कापून काकूंच्या डोळ्यांसमोर धरली. "लागले बघ," ते म्हणाले. "बरोबर आहे ना?" बोट लगेच वर आलं. एकदा विचारून. त्या दिवसांत ते एकदाच विचारून वर येऊ लागलं होतं. डेसिबलनी सबंध रेकॉर्ड लावली आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसले, कारण खाटेच्या जागी आता दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

पंधराव्या दिवशी सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात एक साठीतली बाई उभी होती. घरातलाच गाऊन, वर ओढणी, हातात काही नाही. जिने चढून धाप लागली होती.

"मी समोरची," ती म्हणाली.

"कुठली समोरची?"

"समोरच्या बिल्डिंगची. तिसरा मजला. निळी दोरी." तिनं श्वास घेतला. "केव्हा गेल्या?"

"कोण?"

"तुमच्या मिसेस. नाव नाही हो माहीत मला. खिडकीला गादी लावलेली दिसली, म्हटलं घरात माणसं असतील, लगेच नको जायला. मग रोज बघत होते. आज म्हटलं जाऊन यावं."

"ती गेलेली नाही," डेसिबल म्हणाले. "आत आहे."

समोरचीनं भिंतीचा आधार घेतला. मग तिला राग आला. "मग गादी कशाला लावलीत?"

डेसिबल म्हणाले, "चारशे हर्ट्झला खड्डा पडत होता."

हे वाक्य त्यांनी कितीतरी लोकांना कितीतरी वेळा ऐकवलं असेल. ते असं ऐकू येतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

मग समोरची बोलत राहिली आणि ते दारात उभे राहून ऐकत राहिले. बावीस वर्षं रोज सकाळी आठला दोघी आपापल्या खिडकीत कपडे वाळत घालायच्या. मधे रस्ता, त्यामुळे बोलणं नाही. फक्त हात वर करायचा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे आजारपण आहे, ते दोरीवरच्या चादरींवरून कळायचं. समोरचीचा नवरा गेला तेव्हा तिनं आठवडाभर काही वाळत घातलं नाही. आठवड्यानं खिडकीत आली तर काकू तिकडे रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. "बादली नव्हती हातात. नुसत्याच उभ्या. रोज येऊन उभ्या राहत असणार." आणि आता त्या खाटेला खिळल्या तरी रुग्णालयातून आल्यापासून समोरची रोज आठला खिडकीत येत होती, कारण त्या मोठ्या पडद्याच्या कडेनं, दोन वीत फटीतून, तिला उशी दिसायची. "मान वळवायच्या हो. कष्टानं वळवायच्या. मग मी हात करायची."

बाई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं पुसत उभी होती. पातेलं पुसून केव्हाच कोरडं झालं होतं.

डेसिबल आत गेले. दोरी सुटेना, तेव्हा त्यांनी ती सुरीनं कापली. गादी अंगावर आली. मग त्यांनी डावा स्पीकर धरला. सव्वीस वर्षं तो त्यांनी बोटाबोटानं हलवला होता. आता बाईनं खालून उचलला आणि दोघांनी तो फरफटत आतल्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून उभा केला. जमिनीवर लांब ओरखडा उठला.

"काकू, बघा कोण आलंय," बाई म्हणाली.

काकूंचं डोकं मधोमध होतं. ते वळलं नाही. चौदा दिवसांत मानेतलं जे काही होतं नव्हतं ते संपलं होतं. आता खरंच जोर नव्हता.

तेव्हा समोरचीनंच डोकं चालवलं. "खाट फिरवा. मान कशाला फिरवायला हवी?" तिघांनी मिळून खाट फिरवली, ऑइलपेंटच्या चौकोनांवरून, पार तिरपी, उरलेल्या स्पीकरकडे पाठ करून. खिडकी समोर आली. समोरची खाटेपाशी थांबली नाही. "थांबा," म्हणाली आणि निघून गेली. जिने उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडचे तीन मजले चढायला तिला दहा मिनिटं लागली. मग निळ्या दोरीमागे ती दिसली. तिनं हात वर केला.

काकूंचं बोट वर आलं. कुणीही काहीही विचारलेलं नव्हतं.

त्यानंतर काकू पाच दिवस होत्या. पाचही दिवस आठच्या सुमाराला हात वर झाला. पहिले तीन दिवस बोट वर आलं, नंतर नाही. रेकॉर्ड लागली नाही. सहाव्या दिवशी समोरचीच आधी आली. तिला पलीकडूनच कळलं होतं.

सगळं आटोपलं, मुलगी येऊन गेली, खाट परत गेली. ब्युरोची बाई राहिलेले कपडे न्यायला आली आणि निघताना दारात घुटमळली. डेसिबल त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले होते. ती चौकोनांवर नव्हती.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"नवव्या दिवशी मी कागद दाखवला, तेव्हा तिनं लगेच बोट वर केलं. तेव्हा तिला खरंच बरं वाटलं असेल, नाही? लागलेलं ऐकून."

बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती मनाची वाईट नव्हती. खोटं तिला जमत नव्हतं एवढंच.

"बोट वर केलं की तुम्ही थांबायचात, काका," ती म्हणाली. "एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं."

ती गेल्यावर डेसिबलनी वही काढली. खुर्ची टेबलापाशी ओढली, पट्टी घेतली, लाल पेन घेतलं. 'श्रोता: होय' अशा नोंदी त्यांनी शोधून काढल्या आणि एकेकीवर सरळ रेघ मारली. पट्टी घट्ट धरली होती, त्यामुळे रेघा सपाट आल्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'श्रोता थकलेला. नोंद बाद.'

राहिली ती पंधराव्या दिवशीची, खिडकीकडे वर आलेल्या बोटाची. ती नोंद खरी होती याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण यंत्र बंद होतं, माइक पेटीत होता, एक स्पीकर भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता. ती कुठल्या रकान्यात घ्यायची ते त्यांना कळेना. पेनाचं टोपण मात्र त्यांनी लावलं नाही.